आमचं बरं चाललंय

मार्लीन रुओनानं उभ्या आयुष्यात कोणापुढे रडगाणं गायलं नाही, आणि तेच तिला नडलं.

आता ही काही एकट्या मार्लीनची खोड नव्हे. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या या अंगाला, सालो लेकसारख्या गावांतून राहतात ती बहुतेक फिनलंडहून इथल्या खाणीत मरायला आलेल्या माणसांची नातवंडं-पतवंडं. त्यांना विचारा, काय, कसं काय? उत्तर ठरलेलं. "वाईट नाही." करवतीत बोट गेलं तरी वाईट नाही. मार्लीन नऊ वर्षांची असताना त्यांच्या गोठ्याला आग लागली. शेजारीपाजारी बादल्या घेऊन धावले, तर तिची आई राखेनं माखलेली अंगणात उभी, आणि म्हणते काय, "बरं आहे, गाई वाचल्या. या, कॉफी टाकते." गाई सहा होत्या, वाचल्या दोन. हे आईला ठाऊक, मार्लीनला ठाऊक, कॉफी पिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. बोललं कोणी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्या घरातला पहिला धडा, आणि मार्लीन धडे विसरणारी पोर नव्हती.

पुढे ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. बावीस वर्षं दीडशे पोरांना बटाटे वाढले. लग्न केलं आर्वोशी, आणि तो निघाला नेमका उलटा. आर्वोचा स्वतःचा ट्रक होता, त्याला ट्रेलर जोडून जंगलातून ओंडके वाहायचा, आणि तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. रस्त्यावर अस्वल आडवं आलं तर त्याची गोष्ट तो तीन प्रकारे सांगायचा आणि तिन्हींत अस्वलाचं वजन वेगळं. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम आला की जंगलातल्या लाकडी खोपटात सात-आठ बाप्ये जमत, ते हरणासाठी कमी आणि आर्वोच्या गोष्टींसाठी जास्त. समोरच्या घरातली डोरीन पेलकी, जी स्वतः फिनिश नव्हती, म्हणायची, "हा फिनिश असूच शकत नाही. दवाखान्यात पोरं बदलली असणार." मार्लीन ऐकून हसायची. घरात बोलायचं काम त्याच्याकडे होतं. तिला बरंच पडायचं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आर्वो दारासमोरचा बर्फ ओढून आत आला, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ट्रेलर."

मार्लीन कणीक मळत होती. मागे न बघताच म्हणाली, "ट्रेलरचं काय?"

"ट्रेलर," तो म्हणाला.

"अरे, पण काय झालं ट्रेलरला?"

तिसऱ्यांदा तो तेच म्हणाला तेव्हा ती वळली. त्याचा उजवा गाल ओघळलेला होता.

शहरातल्या इस्पितळात सहा दिवस काढले. पाय वाचला, उजवा हात अर्धामुर्धा वाचला, शब्द गेले. कप दाखवा, "ट्रेलर". बायको दाखवा, "ट्रेलर". इस्पितळातली स्पीच थेरपिस्ट मोठी समजूतदार होती. तिनं मार्लीनला बाहेर बाकावर बसवून सांगितलं, "त्याला सगळं समजतं, हे आधी लक्षात घ्या. शब्द मेलेले नाहीत. त्यांच्याकडे जाणारा रस्ता बर्फाखाली गेलाय. तो मोकळा करायचा तर आत्ता. पहिले सहा महिने सगळ्यात मोलाचे. आठवड्यातून दोनदा तरी कोणाकडे तरी न्याच, आणि उशीर करू नका."

उशीर करू नका! सांगणारीची चूक नाही. ती इस्पितळाच्या आतली, तिला बाहेरचं जग काय ठाऊक.

या देशात विमा मिळतो तो नोकरीतून. आर्वो आपल्या धंद्याचा मालक, म्हणजे विमा देणारा साहेब नाही. मार्लीनची नोकरी अर्ध्या वेळेची, म्हणजे तिलाही नाही. दोन वर्षांपूर्वी लाकडाचा धंदा बसला तेव्हा दोघांनी गरिबांसाठीचा सरकारी विमा घेतला होता, मेडिकेड. घेतला म्हणजे काय, मार्लीननं ते कार्ड पाकिटात वाचनालयाच्या कार्डामागे असं सारून ठेवलं की पाकीट उघडलं तरी दिसू नये. आता ते बाहेर काढायची वेळ आली, आणि तिला कळलं की नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. कार्ड हातात आहे म्हणजे उपचार हातात आहे, असं ज्याला वाटतं तो माणूस अजून फोनला बसलेला नाही.

विमा कंपनीनं एक यादी पाठवली. कार्ड सरकारी, पण कारभार खाजगी कंपनीकडे. तिची ही यादी. कार्ड घेणारे एकतीस स्पीच थेरपिस्ट. मार्लीन शाळेतून आली की हात पुसून भिंतीवरच्या फोनखाली स्टूल ओढायची.

"माझ्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला होता. बोलणं गेलंय त्याचं. त्याच्यासाठी..."

"हो, हो, नक्की बघू या! विमा कुठला?"

"मेडिकेड."

"अच्छा." पलीकडचा आवाज बशीतल्या चहासारखा निवायचा. "ते सध्या आम्ही घेत नाही."

"पण यादीत तुमचं नाव आहे. सध्या म्हणजे केव्हापासून?"

"मी इथे लागल्यापासून."

"तू कधी लागलीस, पोरी?"

"सहा वर्षं होतील."

मार्लीननं तिचे आभार मानले आणि फोन ठेवला. डोरीन तेव्हा टेबलाशी बसून वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत होती. ही डोरीन एकोणीस वर्षं कागदाच्या गिरणीत युनियनची पुढारी होती, आणि गिरणी बंद पडली तरी हिचा आवाज बंद पडला नव्हता.

"आभार कसले मानतेस गं?" ती कडाडली. "मी आयुष्यात मॅनेजरचे आभार एकदाच मानले, तो निवृत्त झाला तेव्हा."

"तिची काय चूक? फोन उचलायची नोकरी तिची."

"आणि तुझी नोकरी काय? माफी मागायची? कार्डाचं आधी सांगत जा. पाच मिनिटं अजीजी करून नाही ऐकण्यापेक्षा पहिल्या फटक्यात नाही ऐकावं. घसा तरी वाचतो."

मार्लीन तसं करू लागली. घसा वाचला, बाकी काही नाही. एक नंबर निघाला कानातली यंत्रं विकणाऱ्या दुकानाचा. एक बाई ॲरिझोनात उन्हाला जाऊन बसली होती. नऊ जण फक्त लहान मुलांना बघणारे. चौघांची रांग पुढच्या वर्षापर्यंत. बाकीच्यांचं "सध्या नाही". अशी यादी करणाऱ्याला एकदा त्याच यादीपुढे फोन देऊन बसवलं पाहिजे. उठू द्यायचं नाही, पाणी विचारायचं नाही. गावच्या शाळेत आठवड्याला दोन दिवस एक थेरपिस्ट यायची, मार्लीनच तिच्या ताटात बटाटे वाढायची. तिला विचारलं तर बिचारी कानकोंडी झाली. "मला शाळेच्या पोरांपलीकडे कोणाला घेता येत नाही हो, मार्लीन. नोकरी जाईल माझी."

यादीतला सव्विसावा माणूस वारलेला होता. फोन त्याच्या बायकोनं घेतला, "तो गेला हो, दोन वर्षं झाली," म्हणाली, आणि मग दोघी बायका वीस मिनिटं आपापल्या नवऱ्यांबद्दल बोलल्या. तीन दिवसांनी त्या विधवेचाच उलटा फोन आला. नवऱ्याच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी, ऑड्रा विटाला, एस्कनाबात स्वतःची खोली घेऊन बसलीय, आणि ती कार्ड घेते. यादीत? छे, यादीत तिचं नाव नव्हतं.

एस्कनाबा पंचाऐंशी मैल. एप्रिल संपत आला होता. ऑड्राची खोली एका केस कापायच्या दुकानाच्या वर, आणि ऑड्रा स्वतः जेमतेम तिशीची, पायात रबरी बूट. "दोन जागा ठेवल्यात मी कार्डवाल्यांसाठी," ती म्हणाली. "त्यातली एक मेअखेर मोकळी होतेय. नशीबवान आहात. आधी तपासणी करू."

तिनं आर्वोपुढे कपाचं चित्र धरलं. आर्वोनं ओठ जुळवले, मान ताठ केली, कपाळावरची शीर फुगली. "ट्रेलर." त्यालाच ते चुकलेलं कळलं. त्यानं डावी मूठ टेबलावर आपटली आणि खणखणीत आवाजात ओरडला, "पेर्केले!"

मार्लीन कानापर्यंत लाल झाली. ही फिनिश लोकांची आजेपणज्यांच्या काळापासूनची शिवी, चर्चच्या आवारात उच्चारली तर म्हातारी माणसं अजून दचकतात.

ऑड्रा मात्र हसली. "हे आलं की स्पष्ट! शिव्या, प्रार्थना, गाणी, यांचं घर मेंदूत वेगळ्या जागी असतं. ते पडलेलं नाही. पण त्यावरून बोलणं आलं असं कोणी समजू नये." मग ती मार्लीनकडे वळली. "एक सांगते. त्याच्या तोंडात शब्द घालू नका. तो अडला की थांबा. मनात दहा मोजा. आणि हो, मंजुरीसाठी कंपनीची नर्स तुम्हाला घरी फोन करील. जसं आहे तसं सांगा."

परतल्यावर डोरीननं त्यात भर घातली. "जसं आहे तसं नव्हे, सगळ्यात वाईट दिवस सांगायचा. रडायचं. रडू येत नसेल तर कांदा चिरत बस."

"मी खोटं बोलणार नाही."

"खोटं कोण सांगतंय? खरं सांग म्हणते मी! तुम्हां फिनिश लोकांना खरं सांगायचं म्हणजे नागडं झाल्यासारखं वाटतं."

"सौनाच्या वाफेत आम्ही नागडेच बसतो की."

"हो ना. तिथेही गप्पच."

फोन आला मेच्या मध्यावर, मंगळवारी, भर दुपारी. आर्वो टेबलाशी बसून डाव्या हातानं वाटाण्याचं सूप पीत होता. फोन भिंतीवरचा, त्याची वायर टेबलाच्या पलीकडे जात नव्हती. मार्लीनला वाटलं, नंतर करा म्हणावं. पण नंतर केलाच नाही तर? ती स्टुलावर बसली, आर्वोपासून हातभर अंतरावर.

"मिसेस रुओना, दोन-चार प्रश्न आहेत फक्त," नर्सचा आवाज गोड होता. "घरी एकमेकांचं बोलणं समजतं का?"

"समजतं. चौतीस वर्षांचा संसार आहे आमचा."

"छान! आणि स्वतःला काय हवं-नको ते सांगू शकतात का ते?"

आर्वोनं चमचा खाली ठेवला. तो तिच्याकडे बघत होता. त्याला सगळं समजत होतं, हे इस्पितळात बाकावर बसवून तिला सांगितलं होतं कोणीतरी. आता या माणसासमोर, त्याच्याच टेबलाशी, परक्या बाईला काय सांगायचं? की हा शौचाला जायचं तर लहान पोरासारखं बोट दाखवतो? की गेल्या रविवारी विस्कॉन्सिनहून मुलीचा फोन आला तेव्हा हा रिसीव्हर कानाला धरून आवाज न करता रडला, आणि पलीकडे ती "बाबा? बाबा?" करत राहिली?

"सांगतो," मार्लीन म्हणाली. "त्याच्या पद्धतीनं सांगतो."

आर्वोनं मान खाली घालून पुन्हा सूप उचललं. डावा हात हलला, वाटी कलंडली, गरम सूप मांडीवर. "पेर्केले!"

"अरे वा, हा त्यांचाच आवाज का? किती स्पष्ट! काय म्हणाले?"

आता आली का पंचाईत. परक्या बाईला सांगायचं की माझ्या नवऱ्यानं तुझ्या कानात शिवी घातली?

"कॉफी," मार्लीन म्हणाली. "कॉफी हवी म्हणतोय."

"किती छान! एकंदरीत कसं चाललंय तुमचं?"

हा प्रश्न मार्लीनला आयुष्यात हजारदा विचारला गेला होता आणि हजारदा तिनं एकच उत्तर दिलं होतं. ते डोक्यातून आलंच नाही, जिभेवरून परस्पर गेलं.

"आमचं बरं चाललंय. तक्रार नाही काही."

फोन ठेवून तिनं त्याची मांडी पुसली. आर्वो हसला, डाव्या अर्ध्या तोंडानं, पण हसला. बायकोनं चारचौघांत लाज राखली होती. तिनं खरोखरच कॉफी टाकली. दोघांनाही त्या दुपारी बरं वाटलं, हे सगळ्यात वाईट.

महिनाअखेर पत्र आलं. रुग्ण आपल्या गरजा घरी व्यक्त करू शकतो, असं पत्नीनं सांगितलं आहे. फोनवर रुग्णाचा उच्चार स्पष्ट ऐकू आला. सबब नियमित उपचाराची गरज सिद्ध होत नाही. मार्लीननं ते उभ्यानं तीनदा वाचलं. पत्रात एकही शब्द कोणी पदरचा घातलेला नव्हता. सगळे तिचेच होते. कंपनीचं असंच असतं: आपली मान कापायला सुरी आपल्याच फडताळातली घेतात, म्हणजे बोटांचे ठसे आपले.

ऑड्रा फोनवर हळूच म्हणाली, "मार्लीन, काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"बरं चाललंय म्हटलं."

"मी दोन पानं लिहून पाठवली होती, की याला कप म्हणता येत नाही." तिनं श्वास सोडला. "अपील करा. मी पुन्हा लिहिते. पण ही जागा मला धरून ठेवता येणार नाही हो. मागे अकरा माणसं आहेत. पुढची निघाली की पहिला फोन तुम्हाला."

डोरीनला कळलं तेव्हा ती रस्ता ओलांडून आली तीच तोफ होऊन. "कॉफी? कॉफी हवी म्हणाला? अगं बये, त्या शिवीसाठी तुला मेडल मिळालं असतं! 'माझा नवरा एवढंच बोलू शकतो हो,' एवढं एक वाक्य!"

"तो समोर बसला होता, डोरीन."

डोरीननं खुर्ची ओढली. "आण ते पत्र. कुठे लिहायचंय अपील?"

जून गेला, जुलै गेला. ऑड्रानं टपालानं चित्रांची पानं पाठवली होती, घरी करून घ्या म्हणून. पण बायकोनं नवऱ्याला संध्याकाळी समोर बसवून "हा काय? कप" करायचं, हे कुठल्या घरात टिकलंय? ती दहा मोजायला घ्यायची आणि सहावर तिचा धीर सुटायचा. "कप, आर्वो, कप!" तो पान उलटं करायचा. एक दिवस त्यानं सगळी पानं सौनाच्या चुलीत घातली. त्या दिवसापासून तो बाहेर जाईनासा झाला. गेलाच तर पेट्रोल पंपावर मित्र भेटले की हात हलवून गाडीतच बसायचा. ज्याच्या गोष्टींसाठी लोक थांबायचे, तो लोक दिसले की मान वळवू लागला.

सुनावणी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात लागली, टेलिफोनवरच. डोरीननं आपला स्पीकरचा फोन आणून टेबलावर ठेवला. "आर्वोला माझ्या घरी पाठव," ती कुजबुजली. पण पलीकडून सुनावणीचा अधिकारी म्हणाला, मला रुग्णाला ऐकायचंय, त्यांना तिथेच बसू द्या.

"मिस्टर रुओना, आज वार कुठला?"

आर्वोनं टेबलाच्या कडा धरल्या. "ट्रे," तो म्हणाला. थांबला. "ट्रेलर."

"धन्यवाद. मिसेस रुओना, मे महिन्यात तुम्ही सांगितलंत की ते आपल्या गरजा सांगू शकतात. काय बदललं?"

"काही बदललं नाही," मार्लीन म्हणाली. "मी खोटं बोलले."

आणि मग तिनं सांगितलं. शौचाचं सांगितलं. मुलीच्या फोनचं सांगितलं. कॉफी म्हणजे कॉफी नव्हती, शिवी होती, ती कुठली तेही सांगितलं. तो रात्री उशीत तोंड खुपसून आपलंच नाव म्हणून बघतो आणि ते येत नाही, हे सांगितलं. ते तिला ठाऊक आहे हे आर्वोला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. तिचा आवाज शेवटपर्यंत सपाट राहिला. रडली नाही. डोरीन रडली, गिरणीची पुढारी, नाक ॲप्रनला पुसत. आर्वो खिडकीकडे बघत होता. अधिकाऱ्यानं फोन ठेवला तेव्हा तो उठला, मागच्या दारानं बाहेर गेला आणि डाव्या हातानं लाकडं फोडत बसला. जेवायला आला नाही.

दहा दिवसांनी मंजुरी आली. आठवड्यातून दोनदा, सहा महिन्यांसाठी. पहिले सहा महिने संपले त्याला तेव्हा दोन आठवडे झाले होते. डोरीननं केक आणला, मार्लीननं कापला. ऑड्राकडे जागा नव्हतीच. जागा निघाली नोव्हेंबरात.

त्या गुरुवारी शिकारीचा मोसम उघडला होता. नारिंगी जाकिटं घातलेल्या माणसांनी भरलेल्या गाड्या उत्तरेला चालल्या होत्या आणि या दोघांची एकटी दक्षिणेला. खोपटातल्या मंडळींनी आर्वोला बोलावलं होतं, नुसता येऊन बस म्हणाले होते. त्यानं नाही म्हणून मान हलवली होती.

ऑड्रानं तासभर काम घेतलं. तिची पद्धत वेगळी. ती चित्र दाखवून गप्प बसायची, खरोखर गप्प, घाई नाही, दया नाही. चाळिसाव्या मिनिटाला आर्वोच्या तोंडून "क" निघाला. मग बऱ्याच वेळानं "कप". तो स्वतःच दचकला. पुढच्या चित्राला पुन्हा ट्रेलर आला, पण कप एकदा येऊन गेला होता.

तो खाली गाडीकडे गेल्यावर मार्लीन दाराशी रेंगाळली. "ऑड्रा, एक विचारू? मेमध्ये आणला असता तर?"

ऑड्रा चित्रं गोळा करत होती. ही पोरगी खोटा धीर देणारी नव्हती, पण त्या क्षणी तिलाही तसं असावंसं वाटलं असेल. "अजूनही येईल," ती म्हणाली. "हळूहळू येईल, वर्षानुवर्षं येत राहतं."

"मी ते विचारलं नाही."

"जास्त आलं असतं," ऑड्रा म्हणाली. "किती, ते मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही. पण जास्त."

मार्लीननं मान डोलावली, तिला हवं ते उत्तर मिळाल्यासारखी.

परतीच्या वाटेवर तिनं सरोवराच्या काठाला, माणसं मासे धरायला उतरतात तिथं, गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं, थंडी होती. समोर बघत ती म्हणाली, "आर्वो, मेमधला तो फोन. तू सूप पीत होतास. मी बरं चाललंय म्हटलं, म्हणून हे सगळं लांबलं. मला वाटलं, तुझी लाज राखतेय. तुझी राखत होते की माझी, ते आता मलाच कळत नाही. तुला राग असेल तर असू दे."

आर्वो तिच्याकडे वळला. त्याला बोलायचं होतं, हे चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. ओठ जुळले. "तू," तो म्हणाला. हा नवा शब्द होता, ट्रेलर नव्हे. "तू..."

मार्लीननं मोजायला सुरुवात केली. तिच्या जिभेवर पुढची दोन्ही वाक्यं तयार होती. तू काय करणार होतीस बिचारी, हे एक. तू माझं तोंड मिटलंस, हे दुसरं. दोन्ही त्याला शोभली असती. आधीच्या आर्वोनं तर दोन्ही म्हटली असती, एकापाठोपाठ, आणि वर अस्वलाची गोष्ट जोडली असती. यातलं कुठलंही एक ती त्याच्या तोंडात घालू शकत होती, आणि त्यानं मान हलवली असती, हो म्हणून, नुसतं सुटण्यासाठी.

तिनं ओठ घट्ट मिटून ठेवले. दहा झाले. वीस झाले. एक ओंडक्यांचा ट्रक शेजारून धडधडत गेला, गाडी हलली. आर्वोच्या कपाळावरची शीर फुगली आणि हळूहळू बसली. शब्द आला नाही. त्यानं हात उचलून पुढचा रस्ता दाखवला, चल म्हणून.

तिनं गाडी काढली. अंधारायच्या आत घर गाठायचं होतं, आणि सोमवारी पुन्हा पंचाऐंशी मैल यायचं होतं.